उणे ऐंशी हजार

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्याला ‘ओव्हरड्राफ्ट’ असं पूर्ण नावानं कुणी म्हणत नाही. ‘ओडी काढलाय’, ‘ओडीतून भरले’ असंच म्हणतात. कर्ज म्हटलं की घरात चर्चा होते, सासऱ्यांना विचारलं जातं, वेळ पडली तर कपाटातले दागिने बाहेर निघतात. ओडीचं तसं नाही. तो गुपचूप घरात येतो. पगाराच्या खात्यालाच बँक एक मर्यादा जोडून देते आणि खात्यात शून्य झालं तरी कार्ड चालत राहतं. फॉर्म एकदाच भरायचा, तोही कंपनीच्या कॅन्टीनजवळ बँकेचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो तिथे. घरी कुणाला सांगायची गरजच पडत नाही.

मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे, म्हणजे चिखली, तळवडे, मोशी आणि पुढे चाकणपर्यंत, गेल्या काही वर्षांत बायका माझ्याकडे जी बँकेची कागदपत्रं घेऊन येतात त्यात हे ओडीचं प्रकरण वाढत चाललंय. आणि जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘ताई, पगार तर दर महिन्याला जमा होतोय, मग खातं मायनस कसं?’

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो अगदी बरोबर आहे. समजा मर्यादा ऐंशी हजारांची आहे आणि ती सगळी वापरून झाली आहे. खातं उणे ऐंशी हजारांवर उभं आहे. सात तारखेला अठ्ठावीस हजार पगार जमा झाला. आता खातं उणे बावन्न हजार झालं. पण मोबाइलवर ‘उपलब्ध शिल्लक’ म्हणून काय दिसतं? अठ्ठावीस हजार! घरातल्या माणसाला वाटतं, पगार आला, हातात आहे. खरं तर पगार आल्या आल्या बँकेच्या येण्यात बुडाला आणि आपण महिनाभर जे काढतो ते पुन्हा नवं कर्ज. महिनाअखेर खातं परत उणे ऐंशी हजार. वर्षानुवर्षं हेच चक्र. हप्ता नाही, शेवटची तारीख नाही, म्हणून कुणाला टोचतही नाही.

पूर्वी पगाराचं पाकीट घरी यायचं. टेल्को, बजाज, एचए या कंपन्यांमध्ये ज्यांचे वडील-सासरे होते त्यांना ती पाकिटं आठवत असतील, वर आकडे लिहिलेली. सगळेच पुरुष ते न फोडता बायकोच्या हातात देत होते असं मी म्हणणार नाही. निम्मं पाकीट वाटेतच रिकामं करणारेही होते. पण पाकीट रिकामं झालेलं दिसायचं तरी. आता पगार फोनमध्ये येतो आणि फोनला पासवर्ड असतो. घर चालवणारी बाई आणि घराचा पैसा यांच्यामध्ये एक पडदा आलाय, आणि माझ्या मते ओडी फेडण्याच्या कामात पैशाच्या कमतरतेपेक्षा हा पडदाच मोठा अडथळा ठरतो.

चिखलीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण देते. नावं सांगत नाही. नवरा चाकणच्या एका पुरवठादार कंपनीत, हातात पगार अठ्ठावीस हजार. दोन मुलं, शाळेतली. ओडी पूर्ण वापरलेला, ऐंशी हजार, व्याज वर्षाला पंधरा टक्के. शेजारपाजारच्यांनी लगेच दारूचा संशय घेतला, तसं काही नव्हतं. गावी वडिलांचं ऑपरेशन झालं, एक शाळाप्रवेश झाला, गणपतीला गावी जाणं-येणं झालं. प्रत्येक खर्च योग्यच होता. फक्त त्यातला एकही पुढच्या पगारातून भरून निघाला नाही.

तिने नवऱ्याला विश्वासात घेऊन तीन महिन्यांचं खातेपत्रक बँकेतून काढून आणलं. आम्ही चौघीजणी बसलो आणि चाळीस पानी वहीत ते मराठीत उतरवलं, कारण मूळ पत्रकातली इंग्रजी लघुरूपं वाचून डोकं दुखायला लागतं. (ज्या बँकांच्या जाहिराती मराठीत असतात त्यांची खातेपत्रकंही मराठीत का नसावीत, हे मला कधी कळलेलं नाही.) घरभाडं साडेसात हजार. किराणा चार हजार आठशे. दूध-भाजी तेहतीसशे. शाळा आणि व्हॅन अठ्ठावीसशे. गॅस आणि लाइट बिल पंधराशे, पेट्रोल सतराशे, गावी आईवडिलांना पंधराशे, रिचार्ज पाचशे, मोबाइलच्या हँडसेटचा हप्ता चौदाशे. बेरीज बरोबर पंचवीस हजार. म्हणजे तीन हजार उरायला हवेत. ते कुठे जात होते? व्याज सव्वाआठशेच्या आसपास, आणि बाकीचे चाळीस, साठ, एकशेवीस अशा फोनवरून केलेल्या बारीक बारीक पेमेंटमध्ये. चहा, वडापाव, रिक्षा, पोरांचा हट्ट. यात चैन म्हणावी असं काहीच नव्हतं. नोट मोडताना हात जरा आखडतो, फोनवर तो आखडत नाही, एवढंच.

आता व्याजाचं गणित. ओडीचं व्याज रोजच्या बाकीवर लागतं आणि महिन्याला खात्यात चढतं. पूर्ण ऐंशी हजारांवर पंधरा टक्क्यांनी वर्षाला बारा हजार, महिन्याला हजार, दिवसाला तेहतीस रुपये होतात. अर्धा लिटर दुधाच्या पिशवीपेक्षाही जास्त. पगार काही दिवस खात्यात पडून राहतो म्हणून प्रत्यक्षात ते सव्वाआठशेच्या घरात येतं.

हे ऐंशी हजार महिन्याला दोन हजार भरून फेडायचे तर साधारण छप्पन्न महिने लागतात, आणि व्याजापोटी एकतीस-बत्तीस हजार जातात. तीन हजार भरले तर तेहतीस महिने आणि अठरा हजारांच्या आत व्याज. चार हजार भरले तर चोवीस महिन्यांत सुटका, व्याज साडेबारा हजारांच्या आसपास. दोनाचे चार केले की व्याज अर्ध्याहून खाली येतं. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहिला तेव्हा तिचा नवरा, जो तोपर्यंत दारात उभा होता, आत येऊन बसला.

पण ठरवून तीन हजार भरणं आणि ते भरलेले राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओडीची खोड अशी की तुम्ही तीन हजार खाली उतरवलेत तरी ते काढण्यासाठी पुन्हा मोकळेच असतात. पाहुणे आले, काढले. म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: जसजशी बाकी उतरेल तसतशी मर्यादाही उतरवून घ्या. बँकेत लेखी अर्ज द्यायचा, की आमची मर्यादा ऐंशीवरून बहात्तर हजार करावी. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज. मर्यादा खाली आली की परत वर जायची वाटच बंद. काही बँकांमध्ये दर महिन्याला मर्यादा आपोआप कमी होत जाणारा ‘ड्रॉपलाइन’ ओव्हरड्राफ्ट मिळतो, त्याची चौकशी करावी. नाहीतर सरळ ओडीचं मुदतकर्जात रूपांतर करून मागावं, म्हणजे ठरलेला हप्ता आणि ठरलेला शेवट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदतकर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाच्या मुख्य बाबींचं पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं लागतं. मराठीत मागा. ‘सिस्टीममध्ये नाही’ असं उत्तर आलं तर तेच उत्तर लेखी द्या म्हणावं.

एका शाखेत आम्हाला ‘मर्यादा कमी करायला कशाला येता, वाढवून देतो’ असं हसत हसत सांगितलं गेलं. मी बँकवाल्यांना वाईट म्हणत नाही, त्यांचा तो धंदा आहे. पण मर्यादा कमी करा असं सांगायला आलेल्या बाईकडे त्यांनी नवलानं पाहावं, यात आपल्या सवयी काय झाल्यात तेही दिसतं.

पगार आल्यावर घरखर्चाचे पंचवीस हजार कुठे ठेवायचे, यावर आमच्यात वाद झाला होता. शुद्ध गणित असं सांगतं की पैसा ओडीच्या खात्यातच राहू द्यावा, लागेल तसा काढावा, म्हणजे तेवढ्या दिवसांचं व्याज वाचतं. बरोबर आहे. सगळे पंचवीस हजार पहिल्याच दिवशी दुसऱ्या खात्यात हलवले तर महिन्याला दीडशेच्या आसपास जास्त व्याज पडतं. पण एकाच खात्यात ठेवले तर घरखर्चाचे किती आणि कर्जाचे किती हे पुन्हा धूसर होतं. आम्ही मधला मार्ग काढला. दर आठवड्याला सव्वासहा हजार तिच्या खात्यात टाकायचे, त्यावरच घर चालवायचं. व्याजातले शंभर-सव्वाशे वाचतात आणि आठवडा संपायच्या आत पैसे संपले तर ते शुक्रवारीच कळतं, तीस तारखेला नाही.

खर्च कुठे कापायचा, यावर मी फार ताणत नाही. फक्त एक गोष्ट पाहिली आहे. घरात काटकसर ठरली की बाई पहिल्यांदा स्वतःच्या ताटातलं कापते. दूध मुलांपुरतं, डाळ पातळ, आणि स्वतःचा दवाखाना पुढच्या महिन्यावर. कर्ज वहीत कमी होतं आणि हिमोग्लोबिनमध्ये वाढतं. कापायचं तर त्या बारीक पेमेंटमध्ये कापा, दोघांनी मिळून. आणि मोबाइलचा, फ्रिजचा जो हप्ता चालू आहे तो कधी संपतो ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. हप्ता संपला की ते चौदाशे रुपये महिन्याभरात घरात विरघळून जातात, कुठे गेले पत्ता लागत नाही. ते सरळ ओडीकडे वळवायचे. दिवाळीच्या बोनसचंही तसंच. बोनसच्या कायद्यात बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के मिळतात. सगळा बोनस बँकेत भरा असं मी म्हणणार नाही, मुलांना फराळ आणि कपडे लागतात. पण तो घरी येण्याआधीच त्याचे दोन भाग ठरलेले असावेत.

एका कर्जाने दुसरं फेडण्याचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून दरांबद्दल थोडं. आपल्याकडे बँकेचा दर वर्षाचा बोलतात आणि गावातला दर महिन्याचा. ‘शेकडा दोन’ ऐकलं की पंधरा टक्क्यांपुढे ते किरकोळ वाटतं. पण शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ. क्रेडिट कार्डावर बाकी पुढे ढकलली तर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकतं, म्हणजे वर्षाला निदान बेचाळीस, आणि त्या व्याजावर जीएसटी वेगळा. कार्डाने ओडी फेडणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. फोनवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या अ‍ॅपच्या तर वाटेलाही जाऊ नये. सोनं घरात असेल तर बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर बहुतेक वेळा ओडीपेक्षा कमी असतो, विचारून पाहायला हरकत नाही. पण मग मर्यादा त्याच दिवशी रद्द करून घ्यायला हवी, नाहीतर सोनंही गहाण आणि ओडीही परत भरलेला. कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर तिथला दर आणि पगारातून होणारी कपात हा अनेकांसाठी चांगला पर्याय ठरतो.

बचत गटाचं वेगळं आहे. तिथेही दर महिन्याला शेकडा एक किंवा दोन असाच असतो, पण व्याज गटातच राहतं, म्हणजे फिरून आपल्याकडे येतं. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे तिथे राजगुरुनगरला डॉ. सुधा कोठारी यांच्या ‘चैतन्य’ संस्थेनं नव्वदच्या दशकात गटांचं काम उभं केलं, आणि नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून या भागातल्या कितीतरी बायकांनी बँकेची पायरी पहिल्यांदा गटामुळेच चढली. गटालाही बँक कॅश क्रेडिट देते. तेही एक प्रकारे ओडीच, ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढा आणि भरा. फरक हा की तिथे दर महिन्याला बैठकीत वही उघडते आणि सगळ्यांसमोर आकडा वाचला जातो. घरातल्या ओडीला अशी बैठक नाही.

खरी भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ही मर्यादा पगारावर उभी आहे आणि आपल्या पट्ट्यात पगार कशावर उभा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. २००८ च्या मंदीत आणि पुन्हा २०१९ मध्ये वाहन कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले तेव्हा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांचंही काम थंडावलं. २०२० च्या मार्चअखेर तर सगळंच बंद झालं. कंत्राटी मुलांना काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, ठेकेदार बदलतो, नवं पगार खातं नव्या बँकेत निघतं. जुन्या बँकेला पगार येईनासा दिसला की ती मर्यादा गोठवते आणि सगळी रक्कम एकदम मागते. ओडीची मर्यादा साधारण वर्षाने नव्याने मंजूर करावी लागते, तेव्हाही हे होऊ शकतं. नोकरी गेलेल्या महिन्यातच ऐंशी हजारांची नोटीस! म्हणून नोकरी चालू असताना, पगार येत असताना ओडीचं मुदतकर्ज करून घेणं शहाणपणाचं. थकलेल्या माणसाशी बँक त्या सुरात बोलत नाही.

थकलंच, तरी दोन गोष्टी माहीत असू द्या. दंड म्हणून जादा व्याज लावून ते मुद्दलात मिसळण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून बंद केली आहे; दंड शुल्क लावता येतं, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आणि बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. वकील लागत नाही.

जनधन खात्यावरही ओव्हरड्राफ्टची सोय आहे. २८ ऑगस्ट २०१४ ला योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा पाच हजार होती, २०१८ मध्ये ती दहा हजार केली. एका घरात एकाच खात्याला, आणि ते शक्यतो घरातल्या बाईचं, असं त्यात म्हटलेलं आहे. अडीनडीला ती उपयोगी आहे. पण नवऱ्याच्या ओडीचं व्याज भरायला बायकोच्या जनधनमधून उचल, हे मी दोन घरांत पाहिलं आणि दोन्हीकडे थांबवलं.

बायकोच्या स्वतःच्या पैशांबाबत माझं मत थोडं कडक आहे. चिखलीतली ही बाई एकट्या राहणाऱ्या कामगार मुलांना डबे देते, खर्च वजा जाता महिन्याला दोनेक हजार सुटतात. घरच्यांचं म्हणणं, तेही ओडीत टाका, लवकर फिटेल. गणिताने ते खरंच आहे, बचत खात्यावर तिला जे व्याज मिळतं त्याच्या कितीतरी पट ओडीवर जातं. तरी मी म्हटलं, पहिले दहा हजार तुझ्या एकटीच्या नावावर साठेपर्यंत एक पैसा द्यायचा नाही. घरात दहा हजारांची शिल्लक नसेल तर पहिल्या तापात, पहिल्या पंक्चरमध्ये ओडी पुन्हा वर चढतो. शिवाय ज्या बाईने कर्ज काढलं नाही आणि जिला ते काढताना विचारलंही नाही, तिची कमाई आधी तिथे का जावी? यावर तिच्या सासूबाई माझ्यावर अजून थोड्या नाराज आहेत.

कंपन्यांच्या कामगार संघटना पगारवाढीच्या करारासाठी भांडतात, ते भांडलंच पाहिजे. कंपन्यांचे एचआरवाले सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या बायकांना बोलावून हेल्मेटचं महत्त्व सांगतात, तेही चांगलं आहे. त्याच मंडपात तासभर पगार खात्याचं पत्रक कसं वाचायचं हे सांगितलं तर काय बिघडेल? ज्या बँकेला कॅन्टीनजवळ टेबल टाकायची परवानगी मिळते, तिनेच ओडी घेणाऱ्या प्रत्येकाला मराठीत एक पान द्यावं: रोजचं व्याज किती रुपये, मर्यादा केव्हा संपते, आणि ती कमी करायचा अर्ज कुठे द्यायचा. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँक बायकोला त्याच्या खात्याची माहिती देणार नाही, आणि देऊही नये. पण ते एक पान घरी येऊन फ्रिजवर चिकटलं, तर पडदा थोडा तरी सरकेल.

या जुलैत त्या चिखलीच्या घराला वर्ष झालं. बोनसमधले दहा हजार भरले, मर्यादा तीनदा कमी करून घेतली. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि फीमुळे तीन हजारांऐवजी एकच भरता आला. बाकी आता साडेपंचेचाळीस हजारांच्या आसपास आहे. मोबाइलचा हप्ता गेल्या महिन्यात संपला, तेव्हा यापुढे महिन्याला चव्वेचाळीसशे जातील आणि सगळं सुरळीत राहिलं तर अकरा-बारा महिन्यांत खातं शून्यावर येईल. शून्य झालं की मर्यादा कायमची बंद करण्याचा अर्ज आणि बाकी नसल्याचा दाखला, दोन्हींचे मसुदे तिने वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलेत. फक्त तारीख घालायची राहिली आहे.